एकच पदवी, निरनिराळे दिवस

नांदेड, लातूर, परभणी, उदगीर या भागातली रसायनशास्त्राची आणि फार्मसीची मुलं पदवी हातात पडली की हैदराबादचा रस्ता धरतात. पुण्या-मुंबईपेक्षा हे शहर आम्हाला जवळचं. आजी-आजोबांच्या पिढीसाठी तर ते निजामाच्या राज्यातलं राजधानीचंच गाव होतं. निघताना मुलांच्या आणि घरच्यांच्या तोंडी एकच शब्द असतो : फार्मा. "पोरगी फार्मात लागली" एवढं कळलं की नातेवाइकांचं समाधान होतं. फार्मात म्हणजे नेमकं कुठे, सकाळी कामावर गेल्यावर ती दिवसभर काय करते, हे कुणी विचारत नाही. मीही एम.एस्सी. ऑरगॅनिक करून इथे आले तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. इतकी वर्षं याच धंद्यात काढल्यावर मला ठामपणे वाटतं, की कुठलं काम आपल्याला मानवेल हे ठरवताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

हैदराबादेत एवढी औषधनिर्मिती आली कुठून, याला इतिहास आहे. १९६१ साली केंद्र सरकारनं आयडीपीएल ही औषध कंपनी काढली आणि तिचा एक मोठा कारखाना इथे बालानगरला आला. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवरचं ठेवलं. म्हणजे तेच औषध दुसऱ्या वाटेनं बनवता आलं तर ते विकायला मोकळीक. ही वाट शोधू शकणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना त्यामुळे चांगले दिवस आले, आणि असे लोक आयडीपीएलमध्ये तयार होत होते. के. अंजी रेड्डी त्यांतलेच. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेले, पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून डॉक्टरेट केलेले. आयडीपीएलमध्ये काही वर्षं नोकरी करून ते बाहेर पडले आणि १९८४ मध्ये त्यांनी डॉ. रेड्डीज सुरू केली. ए. व्ही. रामाराव हेही यूडीसीटी आणि एनसीएल अशाच वाटेनं गेलेले. १९८५ मध्ये ते पुण्याहून इथल्या रसायन-संशोधन प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या आयआयसीटीचे, संचालक म्हणून आले. आज जीडीमेटला, बोल्लारम, पाशमैलारम, बाचुपल्ली या भागांत जे कारखाने दिसतात, त्यांच्या मुळाशी ही माणसं आहेत. म्हणून आमच्या मुलांना इथे नोकरी लागते.

नोकरी लागते खरी, पण एकाच पदवीवर किती निरनिराळे दिवस वाट्याला येऊ शकतात ते बघा. प्रॉडक्शनमध्ये गेलात तर ए, बी, सी अशा शिफ्ट, कंपनीची बस कुकटपल्लीहून पहाटे सुटते, डोक्यावर हेल्मेट, समोर काही हजार लिटरचा रिॲक्टर आणि हाताखाली हेल्परची टोळी. तिथे रसायनशास्त्र येणं पुरेसं नाही, माणसं सांभाळता यावी लागतात. संशोधनात गेलात तर वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडसमोर उभं राहणं आलं. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये, दिवस वजनकाट्यापासून सुरू होतो आणि औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखापाशी संपतो. क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमीच्या विभागात, सगळं कागदावर : बॅच रेकॉर्ड वाचा, सह्या तपासा, काय राहिलं ते शोधा. रेग्युलेटरीत बसलेली माणसं अमेरिकेच्या किंवा युरोपच्या औषध प्रशासनानं विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं लिहितात. एका परिच्छेदावर चार दिवस घालवतात, आणि तो परिच्छेद तितका महत्त्वाचा असतोही. हे सगळे जण एम.एस्सी. किंवा बी.फार्म. सगळ्यांच्या घरी सांगतात, आमचा मुलगा फार्मात आहे.

मला कॉलेजात ऑरगॅनिकचं वेड होतं. रिॲक्शनची मेकॅनिझम कागदावर सोडवायला बसले की जेवणाची आठवण राहायची नाही. त्यामुळे संशोधन विभागात नोकरी मिळाली तेव्हा माझ्यासकट सगळ्यांना वाटलं, हिला हवं होतं तेच मिळालं. काम कंत्राटी संशोधनाचं होतं : परदेशी कंपनी रेणूचं चित्र पाठवणार, आम्ही तो रेणू काही मिलिग्रॅम बनवून द्यायचा. कागदावर सहा पायऱ्या. पण पायरी म्हणजे प्रत्यक्षात काय? फ्लास्क लावायचा, रिॲक्शन कुठवर आली ते बघायला दर तासाला टीएलसीची पट्टी काढून यूव्हीच्या दिव्याखाली धरायची, रिॲक्शन संपली की वर्क-अप, मग सिलिकाचा कॉलम भरायचा आणि टेस्ट ट्यूबच्या रांगा गोळा करत उभं राहायचं. मेकॅनिझमचा विचार आठवड्यातून अर्धा तास. उरलेला सगळा वेळ हात, डोळे आणि वाट पाहणं.

माझ्या शेजारच्या हूडवर वरंगळचा एक मुलगा होता. त्याचं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. त्याचा रेणू घट्ट काकवीसारखा होऊन फ्लास्कच्या तळाशी बसला होता, स्फटिक काही पडत नव्हते. तो काचेची कांडी घेऊन फ्लास्कच्या आतल्या बाजूला हळूहळू खरडत होता. खरडल्यानं काचेवर बारीक चरे पडतात आणि तिथे कधी कधी पहिला स्फटिक बसतो. मग दोन थेंब हेक्झेन, मग बर्फात, मग पुन्हा कांडी. फ्रिजमध्ये ठेवून घरी गेला, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच. त्याच्या चेहऱ्यावर कंटाळ्याचा लवलेश नव्हता. "बैठेगा मॅडम, आज नहीं तो कल," असं म्हणून तो गाणं गुणगुणायचा. आणि खरोखर एका सकाळी फ्लास्क पांढऱ्या सुयांनी भरलेला दिसला, तेव्हा त्यानं सगळ्या लॅबला बोलावून तो दाखवला. तो मुलगा कॉलेजात माझ्यापेक्षा हुशार होता की नाही मला माहीत नाही. पण त्या कामासाठी तो जन्मला होता, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं. ज्या वाट पाहण्यात माझा जीव गुदमरायचा, त्याच वाट पाहण्यात त्याला सुख होतं.

दुसरीही एक गोष्ट त्या लॅबमध्ये हळूहळू घडत होती. रेणू बरोबर आणि शुद्ध आहे का हे सांगणारा एनएमआरचा किंवा एलसीएमएसचा रिपोर्ट आला आणि त्यात कुठे नको असलेलं छोटं शिखर दिसलं, की लोक तो कागद घेऊन माझ्याकडे यायचे. मी कुणाची सीनियर नव्हते, ते माझं कामही नव्हतं. पण हे शिखर आलं कुठून, सॉल्व्हंटमधून, कच्च्या मालातून की रिॲक्शनच भलतीकडे गेली, हे शोधायला मला आवडायचं आणि बहुतेक वेळा सापडायचं. स्वतःचा फ्लास्क टाकून मी दुसऱ्यांचे कागद वाचत बसायचे. नवीन मुलांना मी आता हेच विचारते : लोक न सांगता तुमच्याकडे काय घेऊन येतात? कुणाकडे भांडण मिटवायला येतात, कुणाकडे अर्ज लिहून घ्यायला, कुणाकडे बिघडलेलं यंत्र दाखवायला. घरात, होस्टेलवर, वर्गात, सगळीकडे हे चालू असतं. ॲप्टिट्यूड टेस्टच्या कुठल्याही निकालापेक्षा मला ही खूण भरवशाची वाटते, कारण ती इतरांनी तुमच्याबरोबर राहून, गरजेपोटी ठरवलेली असते.

मी संशोधन सोडून एका गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या क्यूसीत जायचं ठरवलं तेव्हा कुणालाच ते पटलं नाही. आमच्या क्षेत्रात एक अलिखित उतरंड आहे. संशोधन वरचं, क्यूसी खालचं. "आर अँड डी सोडून क्यूसीत? तिथे तर बी.एस्सी.वाले पण असतात," असं मैत्रिणी म्हणाल्या. नांदेडहून मामांचा फोन आला. त्यांना पगाराची काळजी होती आणि ती रास्त होती. सुरुवातीला माझा पगार कमीच झाला. एक मावशी तेवढी खूश झाली, कारण लॅबमध्ये बसून काम म्हणजे बायकांना बरं, असा तिचा हिशेब. तिच्या निष्कर्षाशी मी सहमत होते, कारणाशी नाही.

क्यूसीची लॅब पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे खोडरबर नसतो. लिहिताना आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. वजनकाटा स्वतःची पावती छापतो, ती चिकटवायची. एचपीएलसीला द्यायचं द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. नमुना टोचण्याआधी प्रमाण द्रावण लागोपाठ पाच-सहा वेळा टोचून यंत्र एकसारखं उत्तर देतंय ना, हे बघायचं. फरक साधारण २ टक्क्यांच्या वर गेला तर पुढे जायचं नाही. बाहेरच्या माणसाला हे सगळं जाचक वाटतं. मला त्या शिस्तीत मोकळं वाटलं. प्रत्येक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवलेली आहे, म्हणजे काही बिघडलं तर मागोवा घेत शेवटपर्यंत जाता येईल, या विचारानं.

आणि बिघडलंच एकदा. कमी मात्रेच्या एका गोळीचा स्टॅबिलिटीचा नमुना होता. औषध ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ते टिकतं का बघायचं, ही सगळीकडे चालणारी चाचणी. औषधाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली आलं. याला ओओएस म्हणतात, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल, आणि तो आला की लॅबमधली हवा बदलते. ज्या मुलानं टेस्ट केली होती तो नवा होता, करीमनगरचा. त्याचे हात कापत होते. वरून पहिला सूर असा, की पोरानं कुठेतरी घोटाळा केला असणार, दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्या. पण तसं करायचं नसतं. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयानं हेच बजावलं होतं, की हवा तो आकडा येईपर्यंत टेस्ट करत राहणं म्हणजे तपास नव्हे. पुढे २००६ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ओओएसच्या तपासाच्या सविस्तर सूचनाच काढल्या. आधी कारण शोधा, मग पुढचं.

तो तपास माझ्याकडे आला. मी त्या मुलाला चहा पाजला आणि त्यानं काय काय केलं ते त्याच्याच शब्दांत ऐकून घेतलं. मग लॉगबुकं काढली. वजनकाट्याचं, कॉलमचं, सोनिकेटरचं, सॉल्व्हंटच्या बाटल्यांचं. पानामागून पान. दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या रजिस्टरात दिसलं, की त्या आठवड्यात फिल्टरचा नवा खोका उघडला होता आणि तो आधीच्या प्रकारचा नव्हता. आधी पीव्हीडीएफचे यायचे, हे नायलॉनचे. काही औषधं नायलॉनला चिकटून बसतात. गोळीत औषध भरपूर असेल तर थोडं चिकटल्यानं फरक कळत नाही, पण या गोळीत ते होतंच अगदी कमी. राखून ठेवलेलं तेच द्रावण आम्ही तीन प्रकारे पाहिलं : नायलॉनमधून गाळून, पीव्हीडीएफमधून गाळून आणि न गाळता सेंट्रिफ्यूज करून. शेवटच्या दोन्हींचे आकडे जुळले, नायलॉनचा खाली राहिला. बॅच चांगली होती, आणि तो मुलगाही निर्दोष. त्यानंतर त्या टेस्टच्या पद्धतीत फिल्टरचा प्रकार आणि सुरुवातीचे काही मिलिलिटर टाकून द्यायची सूचना लेखी आली.

त्या दिवसांत मी घरी उशिरा जायचे, जेवण गार झालेलं असायचं, आणि मला थकवा म्हणून जाणवत नव्हता. रजिस्टरं वाचण्याचं ते काम इतरांनी शिक्षा म्हणून केलं असतं. मला ते कुणी काढून घेऊ नये असं वाटत होतं. माझं काम हे आहे, हे मला तेव्हा कळलं. पुढे मी तपासाच्याच कामात राहिले आणि आजही तेच करते.

विषय आणि कामाची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या मनात पक्कं व्हायला इथल्याच दोन जुन्या मराठी माणसांची मदत झाली. रविवारी मी कोटीजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे. श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे पंडित म्हणून सगळ्यांना माहीत असतात. ते मुळात चित्रकार होते, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादेत चित्रकारीवरच पोट भरत होते, हे मला तिथे वाचताना कळलं. वेदाभ्यासाची आणि आर्यसमाजाच्या कामाची ओढ त्यांना याच शहरात लागली. पुढे राजकीय लेखनामुळे निजामाचं राज्य सोडावं लागलं, औंधला वेदांचे ग्रंथ छापणारं स्वाध्याय मंडळ उभं राहिलं, नंतर ते पारडीला गेले. चित्रकार ते वेदपंडित, ही केवढी मोठी उडी, असं आपण म्हणतो. मला ती तशी वाटत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ तासन्‌तास निरखणारा डोळा आणि संहितेची पानं शुद्ध छापून निघावीत म्हणून स्वरचिन्हांसह अक्षर न् अक्षर तपासणारा डोळा एकच असणार. विषय पार बदलला, बसण्याची आणि पाहण्याची रीत तीच राहिली.

सेतुमाधवराव पगडींचंही तसंच. १९१० साली निलंग्यात जन्म, हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत अधिकारी. सरकारी नोकरीत असताना आदिवासी भागात गेले तर गोंडी शिकून तिचं व्याकरण लिहिलं. नंतर मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रं मराठीत आणली. इतिहासकार आणि अधिकारी अशी त्यांची दोन आयुष्यं मला दिसत नाहीत. निरनिराळ्या भाषांतले कागद वाचायचे, लिहिणाऱ्याचा हेतू ओळखायचा आणि त्यातून खरं काय घडलं ते काढायचं. कचेरीतही हेच, बातमीपत्रांतही हेच.

हे फक्त मोठ्या माणसांतच दिसतं असं नाही. माझ्या होस्टेलच्या खोलीतली बी.फार्म. झालेली मैत्रीण दुकानात, कारखान्यात, कुठेच रमली नाही. अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपास ज्या इमारतींवर जावा, ओरॅकल, एसएएसचे फलक एकावर एक लागलेले असतात, तिथे जाऊन ती मेडिकल कोडिंग शिकली. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे आयसीडी-१० लागू झालं आणि आजारांच्या कोडांची संख्या सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या घरात गेली. तिच्या ऑफिसात अनेकांनी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "आता कुठे मजा आली." लहानपणी ती आईचे मसाल्याचे डबे नावं लिहून लावायची.

आता, निवड करायची सोय सगळ्यांना असते असं मी म्हणणार नाही. पहिली नोकरी बहुतेक जण मिळेल ती घेतात. वडिलांनी शेतीवर कर्ज काढून शिकवलेलं असतं, धाकटी भावंडं असतात. तेव्हा "मला काय मानवतं" याचा विचार करत बसायला फुरसत नसते, आणि त्यात कमीपणाही नाही. पण त्याच नोकरीत राहून शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघता येतं. क्यूसीतल्या मुलीनं जेवणाच्या सुट्टीत क्यूएत जाऊन बसावं, प्रॉडक्शनच्या मुलानं रेग्युलेटरीतल्या माणसाला तू दिवसभर काय टाइप करतोस ते विचारावं. कारखान्याच्या आत विभाग बदलणं बाहेर नोकरी बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं, वरिष्ठांना सहसा माणूस हवाच असतो. विचारताना या कामात चांगलं काय आहे, असं विचारू नये. रोजचं कंटाळवाणं काय आहे, ते विचारावं. ते ऐकताना आपल्याला "एवढंच ना?" असं वाटलं, तर त्या दिशेला दोन पावलं टाकायला हरकत नाही. विषय आवडतो म्हणून काम आवडेल असं धरून चालू नये, आणि कॉलेजात विषय नावडता होता म्हणून त्या कामावर काटही मारू नये. आज मी जिच्या जिवावर काम करते त्या ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा तास कॉलेजात कधी संपतो असं मला व्हायचं.

अलीकडे गावाकडच्या कॉलेजात बोलायला बोलावतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, "मॅडम, कोणतं फील्ड चांगलं आहे?" पगार, वाढ, परदेशी संधी हे सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं. कामाचा दिवस कसा असतो, ते मात्र कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून हैदराबादेत काम करणाऱ्या माझ्या मराठवाड्यातल्या भावा-बहिणींना माझं सांगणं आहे. दिवाळीत गावी गेलात आणि शेजारचा मुलगा विचारायला आला, तर पॅकेजच्या आधी त्याला तुमचा एक साधा दिवस सांगा. बस किती वाजता येते, किती तास उभं राहावं लागतं, किती वाचावं लागतं, कुणाशी बोलावं लागतं, काय करताना वेळ जात नाही आणि काय करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही. चार वेगवेगळ्या कामांतल्या चौघांनी त्याला असं सांगितलं, तर त्याचं त्याला बरंच उमजेल. नांदेडच्या, उदगीरच्या मुलांना हे सांगणारं आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही.